पीटीच्या मास्तरीणबाई

खेळात पदवी मिळते हे आमच्या घरात पहिल्यांदा कळलं, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्यात नापास कसं होतात?"

काकांचं अमरगोळच्या एपीएमसी यार्डात अडत दुकान आहे. कांदा, कापूस, शेंगा, मिरची, कशाचीही प्रत ते पोत्यात हात घालून डोळे मिटून सांगतात. पुतणीची प्रत मात्र त्यांना अजून लागलेली नाही. आई म्हणाली, "वीस वर्षं हिला खेळू नको म्हणून ओरडले, आता त्याचीच फी भरायची?" अप्पा बोलले नाहीत. ते फीचा आकडा मनातल्या मनात चार सत्रांनी गुणत होते. बी.पी.एड. पूर्वी एका वर्षात उरकायचं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. उड्या त्याच, हप्ते दुप्पट.

पाठीशी उभे राहिले ते फक्त आज्जा. आज्जा तरुणपणी कुस्ती खेळायचे, म्हणजे निदान त्यांचं म्हणणं तरी तसं आहे. त्यांच्याबरोबर लढलेलं कुणी आता हयात नसल्यामुळे त्यांच्या हरलेल्या कुस्त्यांची संख्या दरवर्षी घटत चालली आहे. आज्जांचं दैवत खाशाबा जाधव. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मातीतला हा गडी पहिल्यांदा मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत म्हटल्यावर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. ही कथा आज्जा दर जेवणाला सांगत. अप्पांना त्यातला गहाणाचा भाग तेवढा ऐकू येई आणि घास अडके.

आता अमरगोळ कुठं, हे सांगायला हवं. हुबळीवाल्यांच्या मते ते धारवाडकडं आहे, आणि धारवाडवाल्यांच्या मते हुबळीकडं. दोन्ही शहरांची महापालिका १९६२ ला एक झाली, पण मनं एक व्हायला महापालिका पुरत नाही. आमच्या पलीकडं नवनगर, अलीकडं यार्ड, मध्ये चालुक्यांच्या काळातलं बनशंकरीचं देऊळ, आणि समोरच्या रस्त्यावरून आपल्या स्वतंत्र मार्गिकेतून सुसाट जाणारी चिगरी बस. चिगरी म्हणजे काळवीट. बसच्या थंडगार काचेतून लोक आमच्याकडं बघतात आणि आम्ही घामाघूम त्यांच्याकडं. एवढाच आमचा दोन्ही शहरांशी रोजचा सांस्कृतिक व्यवहार.

खेळाच्या बाबतीत मात्र आमच्या आईकडं एक हुकमी अस्त्र होतं: सुनील जोशी. गदगचा हा मुलगा शाळेत असताना पहाटे उठून साठेक किलोमीटरवरच्या हुबळीला क्रिकेटच्या सरावाला यायचा आणि परत जाऊन वर्गात बसायचा. पुढं १९९९ ला नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं दहा षटकांत सहा निर्धाव टाकली, सहा धावा दिल्या आणि पाच बळी घेतले. आईला क्रिकेटमधलं काही कळत नाही, पण हा हिशेब तिला भाजीच्या हिशेबासारखा पाठ. सकाळी माझं पांघरूण ओढताना ती म्हणे, "तो गदगहून हुबळीला यायचा, आणि तुला अमरगोळहून नवनगरला जाववत नाही?" त्याच्या फिरकीनं आफ्रिकेचे फलंदाज जितके हैराण झाले नसतील, तितकी मी झाले.

बी.पी.एड.ला शेवटी शेवटी शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवावं लागतं. मी तयारीनं गेले. ट्रॅक आखण्याचं शास्त्र माझ्या बोटांवर होतं. चारशे मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजायची, बाकीच्या लेनची वीसवर. लेन एक मीटर बावीस सेंटिमीटर रुंद असेल तर दुसऱ्या लेनच्या धावपटूला सात मीटर चार सेंटिमीटर पुढं उभं करायचं. हे सगळं मी शाळेतल्या पीटी सरांना उत्साहानं सांगितलं. सरांनी चुन्याची बादली खाली ठेवली, मैदानाकडं पाहिलं, आणि कानडीत शांतपणे म्हणाले, "मॅडम, इथं दोनशेचा आखला तरी दुसरं वळण हेडमास्तरांच्या खोलीतून जातं री. आधी घंटा मारा, नऊ वाजले."

तिथून पुढं माझं क्रीडाशिक्षण सुरू झालं. घंटा मारणं. गेटवर उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहिणं. प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं. दुपारच्या जेवणाच्या रांगा सरळ करणं. जंताच्या गोळ्यांच्या रांगा सरळ करणं. पाहुणे आले की हार आणणं, पाहुणे आले नाहीत की हार परत करणं. ज्याचं पोट दुखतंय त्याला घरी पोचवणं आणि वाटेत ते कसं बरं झालं हे त्याच्या आईला समजावणं. या देशात एखाद्या शाळेतला इतिहासाचा शिक्षक महिनाभर आला नाही तरी चालतं. पीटीचा शिक्षक एक दिवस नसला तर शाळा सुटतच नाही, कारण घंटा कुठं ठेवलीय हे दुसऱ्या कुणाला माहीत नसतं.

पीटीचा तास वेळापत्रकात होता, यात वाद नाही. पण तो गणिताच्या बाईंचा राखीव साठा होता. त्या दारात यायच्या, "पोर्शन राहिलाय" म्हणायच्या, आणि मुलं बॅट पुन्हा बाकाखाली सरकवायची. उरलेल्या तासांना आम्ही कबड्डी खेळायचो. पण उन्हाळ्याच्या तोंडी यार्डाकडून वारा सुटला की मिरचीची धूळ मैदानावर यायची. चढाईला गेलेली मुलगी "कबड्डी कबड्डी कब" इथंच शिंकायची, मग पकडणाऱ्या शिंकायच्या, मग पंच म्हणून मी. चढाईत दम तुटला की बाद, हे पुस्तकात आहे. शिंकेबद्दल पुस्तक गप्प आहे. आम्ही आपसात ठरवलं होतं: चढाई करणारी एकटी शिंकली तर बाद, सगळ्या शिंकल्या तर चढाई पुन्हा.

पावसाळ्यात तोही प्रश्न नसायचा, कारण मैदानच नसायचं. धारवाडची काळी माती भिजली की माणसाला सोडत नाही. खो-खोची पोर पाठ शिवून पळायला जायची, ती पुढं आणि तिची चप्पल मागं. म्हणून सगळ्या अनवाणी. तसल्या चिखलात त्या खांबाला गिरकी घेऊन अशा काही वळायच्या, की शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं गुरुत्वमध्याचं अख्खं प्रकरण मी तिथं उभ्या उभ्या पुन्हा वाचलं.

याच शाळेत मला लेझीम सापडली. कोठारात, जुन्या नकाशांच्या मागं, पत्र्याच्या पेटीत. साखळ्या गंजलेल्या, चकत्या निम्म्या गळलेल्या. आज्जांनी घरी आणायला लावल्या, यार्डातल्या वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याकडून तारा ओवून घेतल्या आणि खोबरेल चोळलं. १९८२ ला दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला सांगलीकडच्या गड्यांनी लेझीम गाजवली होती, ती त्यांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर उभं राहून पाहिली होती. पंधरा ऑगस्टला आमच्या मुलींनी लेझीम केली. प्रमुख पाहुणे खूश होऊन म्हणाले, "छान! आता अभ्यासाकडंही लक्ष द्या."

मग मी विलायतेला जायचं ठरवलं. क्रीडा प्रशिक्षणात एम.एस्सी., एक वर्षाची, त्यात पुन्हा काही महिने प्रत्यक्ष काम. अप्पांनी कर्जाच्या कागदावर सही करताना डोळे मिटले. आज्जा म्हणाले, "घाबरू नको. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले खेळ दाखवून आली. त्यांना कुणी पाठाचं टाचण मागितलं होतं?"

मला मागितलं. आणि टाचण ही तर फक्त सुरुवात होती.

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या एका गावात, एका फुटबॉल क्लबच्या धर्मादाय शाखेत मला जागा मिळाली. ही शाखा आसपासच्या प्राथमिक शाळांना खेळाचे प्रशिक्षक पुरवते. अमरगोळच्या शाळेत माझी चौकशी अशी झाली होती: "कुणाची गं तू?" "यार्डातल्या अमक्यांची पुतणी." "बरं, ये उद्यापासून." इथं आधी डीबीएस नावाची तपासणी. लहान मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वेतिहास त्यात धुंडाळतात. मी परदेशी, म्हणून माझ्या गावच्या पोलिसांचाही दाखला. तो आणायला अप्पा गेले. तिथल्या हवालदारांनी आपुलकीनं विचारलं, "पोरगी काय करते तिकडं?" अप्पा म्हणाले, "मुलांना उड्या मारायला शिकवते." हवालदार बराच वेळ विचार करून म्हणाले, "आणि एवढ्यासाठी पोलिस?" मग प्रथमोपचाराचा वर्ग. मग बालसुरक्षेचा वर्ग. मग आग लागल्यास काय करावं याचा वर्ग, त्यात मुख्य उपदेश असा की पळू नये. खेळाच्या शिक्षणात हा मला विनोदच वाटला.

माझा पर्यवेक्षक माझ्यापेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठा. त्याला नावानं हाक मारायची, असं त्यानंच सांगितलं. हे आज्जांना कळल्यावर फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "वस्तादाला नावानं?" ते शेवटी म्हणाले. "आणि तो तुला काय म्हणतो?" मी म्हटलं, "तोही नावानंच." "मग बरोबर आहे," आज्जा म्हणाले, "मग तिथं वस्तादच नाही."

काकांना वेगळीच चिंता. मी त्यांना समजावलं की २०१३ पासून इथलं सरकार प्राथमिक शाळांना फक्त खेळासाठी वेगळे पैसे देतं: साधारण शाळेला वर्षाला सोळा हजार पौंड, शिवाय मुलामागं दहा. त्यातून शाळा बाहेरचे प्रशिक्षक आणतात, आणि नियमात बसत नसलं तरी तेवढ्या वेळात वर्गशिक्षक पुढच्या धड्यांची तयारी करतात. म्हणजे गणिताच्या बाई इथंही खेळाच्या तासावर डोळा ठेवूनच असतात, फक्त इथं त्या मुलांना बाहेर पाठवतात. काकांनी फोन कानाला लावूनच सोळा हजार पौंडांचे रुपये केले. गप्प झाले. मग म्हणाले, "त्यातले तुला किती?"

"काही नाही काका, हा अभ्यासाचा भाग आहे."

"म्हणजे हमाली करतेस. आमच्या यार्डात हमालीचा सुद्धा दर बांधलेला असतो."

काम काय, तर अमरगोळला रांगा होत्या, इथं फॉर्म. मैदानावर पाऊल टाकायच्या आधी जोखीम मोजायची. एका रकान्यात धोका, दुसऱ्यात तो कुणाला, तिसऱ्यात शक्यता एक ते पाच, चौथ्यात नुकसान एक ते पाच, मग दोन्हींचा गुणाकार. ओलं गवत: तीन गुणिले दोन. सुटलेली बुटाची नाडी: चार गुणिले दोन. मधमाशी: दोन गुणिले तीन. पहिल्या रात्री झोप येईना तेव्हा मी उत्सुकतेपोटी आमच्या अमरगोळच्या मैदानाचा फॉर्म भरून पाहिला. बैल, मालकासह: तीन गुणिले चार. बैल, मालकाविना: पाच गुणिले पाच. लग्नाच्या मांडवाचे राहून गेलेले खुंट. त्याच मैदानावर एकाच वेळी चाललेल्या तीन क्रिकेट सामन्यांचे तीन चेंडू. मिरची. गुणाकारांची बेरीज इतकी झाली की फॉर्मच्या नियमाप्रमाणं फक्त खेळच नाही, तर तालुका रिकामा करायला हवा होता. आणि त्याच मैदानावर आमच्या पोरी रोज संध्याकाळी अनवाणी पळत होत्या, आणि दुखापत म्हणाल तर क्वचित कुणाचा गुडघा खरचटे, त्यावर त्या हळद लावत नसत, मातीच लावत.

मैदानही वेगळं. प्लास्टिकच्या हिरव्या पात्यांत रबराचे काळे कण पसरलेले. ते बुटात येतात, मोज्यात येतात, अंथरुणात येतात. काळ्या मातीपासून सुटावं म्हणून मी इतक्या दूर आले होते, आणि इथं तिचीच रबरी बहीण माझ्या उशीवर.

मुलं गोड होती. इतकी सभ्य मुलं मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि खो-खोची सगळी अडचण तिथंच झाली. हा खेळ शिकवायची परवानगी मागायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "हा खरा खेळ आहे ना?" मी सांगितलं, याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ ला बांधले, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला याचा विश्वचषक झाला, पुरुषांचे वीस संघ, स्त्रियांचे एकोणीस, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या मराठी कर्णधारांनी दोन्ही चषक भारताला मिळवून दिले, आणि त्यात तुमचा इंग्लंडचाही संघ होता. शेवटचं वाक्य ऐकल्यावर बाईंनी सही केली.

फॉर्म भरला. ओल्या गवतावर उकिडवं बसणं: त्यावर उपाय, मुलामागं एक रबरी चटई. पाठीवर थाप: त्यावर उपाय, थाप खांद्यावर, तळव्यानं, हलकी. खांब: नाही, त्याऐवजी नारिंगी शंकू. आणि सुरू. पहिली मुलगी छान पळाली, बसलेल्या मुलाच्या मागं आली, थांबली, आणि त्याच्या खांद्याला बोट लावून म्हणाली, "सॉरी, खो." तो मुलगा उठला, "थँक्यू" म्हणाला, आणि मग पळाला. एवढ्यात ज्याला बाद करायचं तो पलीकडं उभा राहून सगळ्यांची वाट बघत होता, कारण आपल्यासाठी खोळंबा झाला असं त्याला वाटत होतं. खो-खोचा डाव नऊ मिनिटांचा असतो. आमच्या पोरी तेवढ्यात एकमेकींना अर्धमेलं करतात. इथं नऊ मिनिटांत सगळ्यांचे आभार मानून झाले होते.

पण आठवड्यांमागून आठवडे गेले, तसा "सॉरी" आखूड होत गेला. आधी "थँक्यू" गेलं. मग "सॉरी"चा "सॉ" राहिला. एक दिवस एका लालबुंद गालांच्या पोरीनं चटई लाथेनं उडवून "खोऽऽ" अशी आरोळी ठोकली की खिडकीत मुख्याध्यापिकाबाई दिसल्या. आरोळीसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

मार्च २०२५ मध्ये तर कबड्डीचा विश्वचषकच आमच्या दारात आला: वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, वॉल्सॉल. आशियाबाहेर तो पहिल्यांदाच भरत होता. पर्यवेक्षकाला मी वुल्व्हरहॅम्प्टनला घेऊन गेले. त्यानं वही आणली होती. पहिल्या चढाईला पाच जणांनी मिळून चढाईपटूला उचलून आपटलं, तेव्हा त्यानं काहीतरी लिहिलं. तिसऱ्या चढाईनंतर वही मिटली. मध्यंतरापर्यंत तो उभा होता आणि माझ्या शेजारच्या पंजाबी आजोबांकडून शिव्या शिकत होता. भारतानं पुरुषांचा आणि स्त्रियांचा, दोन्ही विश्वचषक जिंकले. पुढच्या सोमवारी त्यानं शाळेत कबड्डी घ्यायचं ठरवलं, अर्थात सुरक्षित: कमरेला पट्टा, पट्ट्याला रंगीत रिबन, रिबन ओढली की गडी बाद. हे मी आज्जांना व्हिडिओवर दाखवलं. आज्जांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "ही मुलं कुणाच्या लग्नाला चाललीत?"

पेढ्यांचं मात्र वाईट झालं. आईनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी धारवाडी पेढ्यांचा डबा पाठवला होता. तो मी शिक्षकांच्या खोलीत नेला. सगळ्यांनी डब्याभोवती गोळा होऊन त्या तपकिरी, साखरेत घोळलेल्या गोळ्यांकडं आदरानं पाहिलं. एकीनं विचारलं, "यात काय काय आहे?" मी म्हटलं, दूध आणि साखर. "शेंगदाणे, बदाम, काजू? डब्यावर छापलेलं आहे?" डब्यावर फक्त गणपती छापलेला होता. शाळेत दाण्यांना सक्त बंदी, कारण एका मुलाला ते विषासारखे. कारण पटलं, डबा बंद झाला. संध्याकाळी बसथांब्यावर पर्यवेक्षक आणि मी तो निम्मा संपवला. शाळेच्या हद्दीबाहेर जोखीम मोजावी लागत नाही, असं त्याचं मत पडलं.

उन्हाळ्यात शाळेचा क्रीडादिन. बटाटा-चमचा, पोत्याची शर्यत, पालकांची शर्यत. तापमान बावीस अंश. सकाळीच प्रत्येक मुलानं टोपी आणि उन्हाचं मलम घरून लावून यावं, अशी चिठ्ठी गेली होती. मलम आम्ही लावून द्यायचं असेल तर पालकांची लेखी संमती. अमरगोळला एप्रिलच्या उन्हात आम्ही सावलीची संमती मागत होतो.

मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यात आता काहीतरी भारतीय, सामुदायिक, आवाजाचं करायचं आलं होतं. त्या लालबुंद पोरीच्या आरोळीचाच हा परिणाम असावा. मी लेझीम सुचवली, व्हिडिओ दाखवला, फॉर्म भरला: लोखंडी साखळी, चार गुणिले तीन, उपाय, मुलांमध्ये दोन हातांचं अंतर. सही मिळाली. आज्जांनी खोबरेल लावून ठेवलेल्या लेझमांतल्या डझनभर शाळेकडून रीतसर मागून घेतल्या आणि अप्पांना घेऊन कुरिअरवाल्याकडं गेले.

कुरिअरच्या मुलानं लेझीम हातात घेतली, संगणकावरची यादी वर-खाली फिरवली आणि विचारलं, "हे काय लिहू? वाद्य, खेळाचं साहित्य की हत्यार?" अप्पांनी मला फोन लावला. मी पर्यवेक्षकाला विचारलं. त्यानं नवा फॉर्म उघडला. तेवढा वेळ आज्जांना धीर धरवेना. त्यांनी धोतराचा काष्टा घट्ट केला, लेझीम उचलली आणि त्या अरुंद दुकानात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, चारही दिशांचे हात करून दाखवले. रांग मागं सरकली. रस्त्यावरचे दोघे-तिघे आत आले. टाळ्या पडल्या. मुलानं आदरानं लेझीम परत घेतली आणि शांतपणे काहीतरी टाइप केलं.

पार्सल सुखरूप पोचलं. बाहेर इंग्रजीत लिहिलं होतं: शेतीच्या अवजारांचे सुटे भाग. पर्यवेक्षकानं एक लेझीम काढली, कानाजवळ नेऊन हलवली, आणि मला गंभीरपणे विचारलं की हा ट्रॅक्टरचा नेमका कुठला भाग.